चालणाऱ्याला गाडी दिसते, चालकाला माणूस दिसत नाही

गावाबाहेरच्या रस्त्याने अंधारात पायी जाणाऱ्या बहुतेकांच्या मनात एक समजूत पक्की बसलेली असते: समोरची गाडी मला इतकी लख्ख दिसते आहे, म्हणजे गाडीवाल्यालाही मी दिसत असणारच. ही समजूत चुकीची आहे. ग्रामीण रस्त्यांवरच्या पादचाऱ्यांच्या अपघातांमागे जी अनेक कारणे असतात, त्यांत सर्वांत कमी बोलले जाणारे कारण हेच असावे, असे मला वाटते. गाडीचे दिवे स्वतः प्रकाश देतात, म्हणून सरळ रस्त्यावर ते किलोमीटरभर अंतरावरूनही दिसतात. चालणाऱ्या माणसाचे तसे नसते. त्याच्या अंगावर पडलेल्या उजेडातला जो थोडासा भाग चालकाच्या डोळ्यांपर्यंत परत पोहोचतो, तेवढ्यावरच त्याचे दिसणे अवलंबून असते, आणि गडद रंगाचे कपडे त्यातलाही बराचसा उजेड शोषून घेतात.

मी अशा रस्त्यांवरून गाडीही चालवतो आणि पायीही पुष्कळ फिरतो. एकच रस्ता दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर ही तफावत किती मोठी आहे हे कळते. ती केवळ सांगून पटत नाही, म्हणून इथे थोडा हिशोब मांडतो. ताशी ८० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला सुमारे २२ मीटर अंतर कापते. पुढे काहीतरी आहे हे ध्यानात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत सावध चालकालाही साधारण दीड सेकंद लागतो, आणि तेवढ्या वेळात गाडी ३३ मीटर पुढे गेलेली असते. ब्रेक लागल्यानंतर कोरड्या, चांगल्या डांबरी रस्त्यावर ती पूर्ण थांबायला आणखी ३५ मीटर तरी लागतात, म्हणजे एकूण अंतर ७० मीटरच्या जवळ जाते. रस्ता ओला असेल तर ब्रेक लागल्यानंतरचे अंतर जवळपास दुप्पट होते. आता याच गाडीचे दिवे डिपरवर, म्हणजे झोत खाली उतरवलेले, आहेत आणि रस्त्याच्या कडेने काळ्या-निळ्या कपड्यांतला एक माणूस चालला आहे असे धरा. असा माणूस पुष्कळदा ३०-४० मीटरवर येईपर्यंत ओळखूच येत नाही. म्हणजे चालकाला तो दिसतो तेव्हा ब्रेक दाबण्याचा क्षण जवळजवळ टळून गेलेला असतो, आणि धडक बसली तर ती पूर्ण वेगाने किंवा त्याहून किंचित कमी वेगाने बसते. अशा चालकाने मद्य घेतलेले नसते, तो फोनवर बोलत नसतो, त्या रस्त्यावरची वेगमर्यादाही त्याने ओलांडलेली नसते. तरीही तो थांबू शकत नाही.

याहून वाईट प्रसंग असतो तो दोन गाड्या एकमेकींसमोर येतात तेव्हाचा. कडेने चालणाऱ्याला वाटते की आता रस्त्यावर दोन्हीकडून उजेड आहे, म्हणजे आपण अधिकच स्पष्ट दिसत असू. प्रत्यक्षात घडते ते उलटेच. समोरच्या गाडीचा झोत चालकाच्या डोळ्यांवर येतो, त्या झोताभोवतीचा सगळा भाग त्याच्यापुरता काळा होतो, आणि झोत निघून गेल्यावरही नजर पूर्ववत व्हायला काही सेकंद जातात. तीन सेकंद धरले तरी ८०च्या वेगाने गाडी त्या वेळात ६५ मीटरहून अधिक पुढे जाते, आणि हे सगळे अंतर तिने कडेला काय आहे ते न पाहता कापलेले असते. वयस्क चालकांना हा त्रास अधिक होतो, कारण वयानुसार डोळ्यांची सावरण्याची क्षमता मंदावते. काच मळलेली असेल किंवा पाऊस पडत असेल तर तो सर्वांनाच होतो. म्हणून पायी जाणाऱ्यांना माझे कळकळीचे सांगणे आहे की दोन गाड्या आपल्याजवळ एकमेकींना ओलांडणार असे दिसले, तर डांबरावरून खाली उतरावे, जागच्या जागी उभे राहावे आणि दोन्ही निघून गेल्यावरच पुढे चालावे. यात अर्धा मिनिटही जात नाही.

एका रात्री आम्ही दोघा मित्रांनी वाहतूक नसलेल्या एका बंदिस्त आवारातल्या सरळ वाटेवर हे स्वतः पडताळून पाहिले. गाडी उभी करून दिवे डिपरवर ठेवले. मित्राने गडद निळा सदरा आणि काळी पँट घातली होती, आणि एका पायाच्या घोट्याला रेडियमची, म्हणजे गाड्यांच्या मागे लावतात तशी परावर्तक पट्टी बांधली होती. तो माझ्याकडे पाठ करून चालत निघाला. आधी खांद्यांची कड पुसट झाली, मग डोके दिसेनासे झाले, मग कमरेच्या वरचा सगळा भाग अंधारात मिसळून गेला. पायांचा एक करडा डाग काही पावले टिकला आणि तोही गेला. पट्टी मात्र दिसतच राहिली. ती वर-खाली होत, पुढे-मागे झुलत दूर जात होती, आणि माणूस पूर्ण नाहीसा झाल्यावरही तिच्या त्या हालचालीवरून कोणीतरी चालते आहे हे एका क्षणात कळत होते. नंतर त्याने तीच पट्टी छातीवर धरली आणि तो स्थिर उभा राहिला. तेव्हा ती ठळक दिसली खरी, पण तो कडेचा दगड आहे, खांब आहे की माणूस, हे सांगता येईना.

या दुसऱ्या निरीक्षणामागे एक जुने संशोधन आहे. स्वीडिश मानसशास्त्रज्ञ गुन्नार योहान्सन यांनी १९७३ मध्ये दाखवून दिले, की अंधारात माणसाच्या सांध्यांवर प्रकाशाचे केवळ काही ठिपके लावले, तरी ते हलू लागताच पाहणाऱ्याला चालता माणूस ओळखू येतो. ठिपके स्थिर असताना मात्र काही उमगत नाही. याचा व्यवहारात अर्थ असा, की चमकणारी पट्टी अंगावर कुठेतरी असण्यापेक्षा घोटे, गुडघे आणि मनगटे यांच्यावर असणे अधिक उपयोगाचे आहे, कारण चालताना हेच अवयव सर्वांत जास्त हलतात. शिवाय डिपरचा झोत खालच्या बाजूला रोखलेला असतो, म्हणून घोट्यावरची पट्टी त्यात सर्वांत आधी सापडते. पांढरे कपडे गडद कपड्यांपेक्षा निश्चितच बरे, पण पांढरे कापड आपल्यावर पडलेला उजेड सगळ्या दिशांना विखरून टाकते. परावर्तक पट्टीतले सूक्ष्म काचमणी किंवा लोलक मात्र तो उजेड ज्या दिशेने आला त्याच दिशेने, म्हणजे थेट गाडीकडे, परत पाठवतात. त्यामुळे अशी पट्टी शंभर मीटरच्या कितीतरी पलीकडूनही दिसते. फिनलंडमध्ये अंधारात रस्त्याने चालणाऱ्याने परावर्तक वापरावा, असे वाहतूक कायद्यातच म्हटले आहे, आणि गळ्यातून किंवा कोटाच्या खिशातून लोंबणारे छोटे प्लास्टिकचे परावर्तक तिथल्या लहानथोरांच्या नित्याच्या वापरात आहेत. ते तयार करणारे आर्वी लेहती यांनी आधी घोडागाड्यांसाठी परावर्तक बनवले होते. माणसांसाठीचे नंतर आले. जनावरांच्या गाडीला रात्री जे लागते तेच माणसालाही लागते, ही साधी गोष्ट तिथे फार लवकर ओळखली गेली, याचे मला मोठे मोल वाटते.

हातातली बॅटरी किंवा मोबाइलचा दिवा यांचाही उपयोग होतो, पण तो पुढच्या जमिनीवर रोखावा आणि हाताबरोबर हलू द्यावा. गाडी जवळ आली की अनेक जण तो चालकाच्या तोंडावर धरतात. तसे केल्याने आपण दिसण्याऐवजी चालकाचेच डोळे दिपतात.

रस्त्याच्या कोणत्या बाजूने चालावे, याबद्दल मात्र संदेहाला जागा नाही. वेगळा पदपथ नसेल तर वाहनांकडे तोंड करून चालावे. वाहने डावीकडून धावत असतील तर आपण उजवीकडून, आणि ती उजवीकडून धावत असतील तर आपण डावीकडून. १९६८ च्या व्हिएन्ना येथील रस्ते वाहतूकविषयक आंतरराष्ट्रीय करारात हाच नियम आहे, आणि ब्रिटनच्या हायवे कोडमध्येही तो सुरुवातीलाच दिलेला आहे. जपानमध्ये पूर्वी माणसे आणि वाहने दोन्ही डाव्या बाजूने जात. १९४९ मध्ये तिथे कायदा बदलून माणसांना उजवीकडे आणले गेले. फिनलंडमधल्या अपघातांच्या नोंदींवर आधारलेला एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. वाहनांकडे तोंड करून चालणाऱ्यांच्या बाबतीत जीवघेण्या आणि इजा करणाऱ्या अपघातांचे प्रमाण सरासरी ७७ टक्क्यांनी कमी आढळले, असा त्याचा निष्कर्ष होता. कारण उघड आहे. पाठीमागून येणाऱ्या गाडीच्या बाबतीत आपले सर्व काही त्या चालकाच्या हाती असते. समोरून येणारी गाडी भरकटताना दिसली, तर निदान बाजूला उडी मारण्याचा एक सेकंद आपल्या हाती राहतो.

या नियमाला दोन ठिकाणी जपावे लागते, आणि ती दोन्ही शहरी रस्त्यांपेक्षा ग्रामीण रस्त्यांवर जास्त भेटतात. पहिले ठिकाण म्हणजे आंधळे वळण. वाहने डावीकडून धावत असताना आपण उजव्या कडेने चाललो आहोत आणि रस्ता पुढे उजवीकडेच वळतो आहे, असे समजा. तेव्हा आपण वळणाच्या आतल्या बाजूला असतो. समोरची गाडीही त्याच आतल्या कडेला धरून येते, आणि मध्ये झुडपे, बांध किंवा भिंत असल्यामुळे ती आपल्यावर येईपर्यंत दोघांनाही एकमेकांचा पत्ता नसतो. अशा वेळी वळणाच्या बरेच आधी, दोन्ही बाजूंचे स्पष्ट दिसत असतानाच, रस्ता ओलांडून बाहेरच्या कडेला जावे आणि वळण संपल्यावर तसेच परत यावे. चढाच्या माथ्याजवळही एवढीच सावधगिरी हवी. दुसरे ठिकाण म्हणजे ओव्हरटेक. आपण वाहनांकडे तोंड करून चालत असताना आपल्या पाठीमागून येणारी एखादी गाडी पुढच्या ट्रकला मागे टाकण्यासाठी रस्त्याच्या मधून सरळ आपल्या बाजूला येते. तिच्या चालकाचे लक्ष समोरून वाहन येत नाही ना, एवढ्याकडेच असते, कडेच्या माणसाकडे नसते. म्हणून पाठीमागे अवजड वाहनाचा आवाज आला की समोरचा रस्ता मोकळा असला तरी एकदा वळून पाहावे, किंबहुना समोरचा रस्ता मोकळा असतानाच ते अधिक आठवणीने पाहावे. दोन्ही कानांत इअरफोन घालून अशा रस्त्याने चालणे मला याच कारणासाठी धोक्याचे वाटते.

चार-पाच जण एकत्र चालत असतील तर गप्पांच्या ओघात रांग आडवी होत जाते. अरुंद रस्त्यावर एकामागे एक चालावे, आणि मोठा समूह असेल तर सर्वांत पुढच्याकडे पांढरा व सर्वांत मागच्याकडे लाल दिवा असावा.

मुलांविषयी मात्र थोडे थांबून बोलायला हवे. शाळेत जाणाऱ्या लहान मुलांना आपण ‘गाडी लांब असेल तेव्हाच रस्ता ओलांड’ असे शिकवतो, आणि ते योग्यच आहे. पण लांब असलेली गाडी किती वेगाने येते आहे हे ठरवणे त्यांच्या दृष्टीच्या आवाक्यात असते का, हा प्रश्न आपण विचारत नाही. लंडन विद्यापीठाच्या रॉयल हॉलोवे महाविद्यालयातील संशोधकांनी प्राथमिक शाळेतल्या मुलांची याबाबत चाचणी घेतली. ताशी सुमारे ३२ किलोमीटरपेक्षा अधिक वेगाने येणाऱ्या गाडीचा वेग या मुलांना खात्रीने ओळखता येत नाही, असे त्यांना आढळले. वेगवान गाडी त्यांना उभी असल्यासारखी वाटू शकते. ही त्यांची बेपर्वाई नसते, ती त्यांच्या वाढीची एक अवस्था असते. गावाबाहेरच्या रस्त्यांवर गाड्या याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने धावतात. मग ज्या मुलाला अशा रस्त्याच्या कडेने शाळेत जावे लागते, त्याला केवळ सूचना देऊन आपण जबाबदारीतून मोकळे होऊ शकत नाही. त्याच्याबरोबर मोठ्या माणसाने जायला हवे, आणि त्याच्या ओलांडण्याच्या जागी गाड्यांचा वेगच कमी व्हायला हवा.

मी पट्ट्या आणि बाजू यांविषयी एवढे सविस्तर लिहिले, कारण या गोष्टी आज संध्याकाळपासून अमलात आणता येतात. पण पायी चालणाऱ्याने काय करावे एवढेच बोलून थांबणे मला अन्यायाचे वाटते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२३ च्या अहवालानुसार २०२१ मध्ये जगभरात रस्ते अपघातांत सुमारे ११ लाख ९० हजार माणसे मरण पावली, आणि त्यांत पायी चालणाऱ्यांचे प्रमाण २३ टक्के होते. ज्या रस्त्यांची तपासणी झाली, त्यांतले जवळपास ८० टक्के रस्ते पादचाऱ्यांच्या सुरक्षेच्या किमान निकषालाही उतरत नाहीत, हेही त्याच अहवालात म्हटले आहे. दहापैकी आठ रस्ते जर चालणाऱ्याला धोक्याचे असतील, तर दोष प्रत्येक वेळी चालणाऱ्याच्या कपड्यांत शोधत बसणे योग्य नव्हे.

डांबराची कड जिथे संपते तिथे जाऊन जरा वाकून पाहावे. एकावर एक थर चढवून रस्ता वर वर येत गेलेला असतो आणि साइडपट्टी मात्र जिथल्या तिथे राहिलेली असते. त्यामुळे डांबराच्या कडेला वीतभर उंचीची खडी पायरी तयार होते. तिच्या खाली सुटी खडी, त्यापलीकडे पाण्याने पडलेली घळ आणि मग थेट चर किंवा काटेरी झुडपे. पावसात याच पट्टीत चिखल साचतो. इथून अंधारात चालायचे म्हटले तर पाय मुरगळल्याशिवाय राहणार नाही, म्हणून माणसे डांबरावरून चालतात. ‘हे लोक रस्त्याच्या मधून का चालतात’ असे गाडीत बसून म्हणणाऱ्यांनी एकदा त्या कडेवरून शंभर पावले चालून पाहावे. मोरीवर तर एवढीही जागा उरत नाही. रस्ता रुंद केला जातो, पण मोरी जुनीच राहते, आणि दोन कठड्यांच्या मध्ये गाडी आणि माणूस यांना एकाच वेळी जाता येत नाही.

रस्ता गुळगुळीत झाला की गावात आनंद होतो, आणि तो व्हायलाच हवा. पण पायी चालणाऱ्याच्या दृष्टीने धोका वाढतो तो नेमका त्या दिवसापासून. खड्ड्यांमुळे जी गाडी आधी ताशी ४० किलोमीटरने येत असे, ती आता ८० ने येते. माणसे त्याच वेळी, त्याच कडेने, त्याच सवयीने चालत असतात. मोटारीच्या पुढच्या भागाची धडक बसून पादचारी मरण पावण्याची शक्यता, वेग ताशी ५० वरून ६५ किलोमीटरवर गेला की साडेचार पटींनी वाढते, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. सरासरी वेगातली एक टक्का वाढ जीवघेण्या अपघाताचा धोका सुमारे चार टक्क्यांनी वाढवते, हाही तिचाच आकडा आहे. म्हणूनच फेब्रुवारी २०२० मध्ये स्टॉकहोम येथे झालेल्या रस्ते सुरक्षेच्या जागतिक परिषदेच्या जाहीरनाम्यात, जिथे माणसे आणि वाहने वारंवार एकत्र येतात तिथे ताशी ३० किलोमीटरची मर्यादा असावी, असे म्हटले गेले. वस्तीतून जाणाऱ्या ग्रामीण रस्त्याला हे शब्दशः लागू पडते. नुसत्या फलकाने वेग उतरत नाही. वस्तीच्या तोंडाशी रस्ता किंचित अरुंद करणे, ओलांडण्याची जागा उंचावणे आणि तिथे दिवा लावणे, अशा उपायांनी तो उतरतो, कारण मग चालकाच्या डोळ्यांना रस्ता बदलल्याचे जाणवते.

स्वीडनच्या संसदेने १९९७ मध्ये रस्त्यावर एकही मृत्यू किंवा गंभीर दुखापत होऊ नये हे ध्येय स्वीकारले, तेव्हा त्यामागचा विचार हाच होता की माणसाच्या हातून चूक होणार हे गृहीत धरूनच रस्ता बांधला पाहिजे, म्हणजे त्या चुकीची शिक्षा मृत्यू ठरणार नाही. मला हा विचार अत्यंत माणुसकीचा वाटतो, आणि चालकालाही तो तितकाच दिलासा देणारा आहे, कारण अंधारात कोणाचा तरी जीव आपल्या हातून जावा अशी कोणाचीच इच्छा नसते. चालकाने रात्री वस्तीजवळ डिपरवर असताना वेग दिव्यांच्या टप्प्यात थांबता येईल इतका ठेवावा. समोरून कोणी येत नसेल तेव्हा अप्पर लावावा आणि कोणी दिसताच उतरवावा. झोत डोळ्यांवर आला तर नजर रस्त्याच्या आपल्या बाजूच्या कडेकडे वळवून वेग कमी करावा, आणि चालणाऱ्याजवळून जाताना गाडी शक्य तितकी दूर घ्यावी.

रस्त्याच्या बाबतीत मागणी करण्याची योग्य वेळ कामाला सुरुवात होण्याच्या आधीची असते. नव्या थराचे अंदाजपत्रक बनत असतानाच त्यात साइडपट्टी डांबराच्या पातळीला भरून दाबून घेणे, आतल्या वळणांवरची झुडपे तोडणे, मोरीच्या बाजूने माणसांसाठी वेगळी फळी किंवा पूल देणे आणि वस्तीपासून शाळेपर्यंत चराच्या पलीकडून पायवाट काढणे, ही कामे लेखी धरली गेली तर ती त्याच यंत्रांनी आणि त्याच मजुरांकडून होऊन जातात. डांबर पडल्यावर सांगायला गेले, तर पुढचा थर येईपर्यंत थांबा असेच उत्तर मिळते, आणि तो थर यायला वर्षे लागतात. म्हणून रस्त्याच्या कडेला खडीचे ढीग पडू लागण्याची वाट न पाहता, मोजमाप घ्यायला माणसे येतील तेव्हाच त्यांच्याबरोबर त्या कडेने पायी फिरावे आणि कोणत्या जागी माणसे डांबरावर चढतात ते त्यांना प्रत्यक्ष दाखवावे.